डॉ. बोमाँटनं ते भोक शिवून का नाही टाकलं?

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलं आहे. पचनाचा धडा घेताना त्या पोटाला भोक असलेल्या माणसाची गोष्ट सांगतात. अमेरिकेत एकाला गोळी लागली, पोटाचं भोक कधी बुजलंच नाही, आणि त्यातून डोकावून एका डॉक्टरनं पचन कसं होतं ते पाहिलं, अशी ती गोष्ट. यंदा एका मुलीनं हात वर केला. “बाई, डॉक्टरांनी ते शिवून का नाही टाकलं? प्रयोग करता यावेत म्हणून तसंच ठेवलं का?” बाईंपाशी उत्तर नव्हतं. गोष्ट कितपत खरी, तो डॉक्टर कोण आणि त्याला थोर म्हणायचं का, एवढं त्यांना हवं आहे.

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे. गेली सव्वीस वर्षं जवळजवळ रोज सकाळी दुर्बीण घालून लोकांची जठरं बघतो. त्या मुलीनं विचारलं ते विचारायला पुष्कळ डॉक्टरांना अर्धं आयुष्य लागतं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी थोडक्यात. गोष्ट खरी आहे. भोक मुद्दाम ठेवलेलं नव्हतं, ते बुजवण्यासाठी कित्येक महिने खटपट झाली. मात्र ते बुजत नाही असं दिसल्यावर त्याच डॉक्टरनं त्या माणसाला आपल्यापाशी धरून ठेवायची धडपड मरेपर्यंत केली, हेही तितकंच खरं. वर्गात सांगायचं तर दोन्ही सांगा.

डॉक्टरचं नाव विल्यम बोमाँट. जन्म १७८५ चा, कनेटिकटमधल्या लेबनन गावचा, शेतकऱ्याच्या घरातला. विशीत घर सोडलं तेव्हा जवळ एक घोडा, बर्फावरची घसरगाडी, सफरचंदाच्या आसवाचं एक पिंप आणि शंभर डॉलर होते. कॅनडाच्या सरहद्दीजवळ काही वर्षं शाळामास्तरकी केली. मग व्हरमाँटमध्ये डॉ. बेंजामिन चँडलर यांच्या हाताखाली उमेदवारी. वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी तो कधी चढला नाही, आणि त्या काळी तिकडे त्याचं कुणाला नवल नव्हतं. गुरूच्या घरी राहायचं, औषधं खलायची, पुड्या बांधायच्या, रोग्यांकडे सोबत जायचं, रात्री दिव्याशी पुस्तकं वाचायची. आपल्याकडे वैद्याच्या घरी विद्यार्थी राहत, साधारण तसंच. १८१२ साली त्याला परवाना मिळाला आणि त्याच वर्षी इंग्लंडशी युद्ध सुरू झालं. बोमाँट सहायक सर्जन म्हणून सैन्यात गेला. १८१३ मध्ये यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरोंटोत, दारूगोळ्याचं कोठार उडालं आणि शेकडो सैनिक भाजले, चिरडले. तेव्हा न झोपता केलेल्या कापाकापीचं वर्णन त्याच्या रोजनिशीत आहे. ही रोजनिशी ध्यानात ठेवा. दिसेल ते त्याच दिवशी लिहून ठेवायची सवय त्याला फार आधीपासून होती, आणि पुढं जे घडलं ते त्या सवयीमुळंच घडलं असं माझं मत आहे.

१८२० मध्ये त्याची नेमणूक मॅकिनॉ बेटावरच्या किल्ल्यात झाली. मिशिगन आणि ह्युरॉन या दोन सरोवरांच्या मधल्या सामुद्रधुनीतलं हे बेट. हिवाळ्यात सगळं गोठलेलं, सामसूम. उन्हाळा लागला की केसाळ कातड्यांच्या व्यापाराची जत्रा भरायची. शिकारी, मूळ रहिवासी, होड्या वल्हवणारे फ्रेंच कॅनेडियन मजूर असे सगळे हिवाळाभर जमवलेली बीव्हरची कातडी घेऊन किनाऱ्यावर उतरत. डोंगरावर किल्ला, खाली अमेरिकन फर कंपनीचं दुकान. साऱ्या मुलखात डॉक्टर एकच, बोमाँट.

६ जून १८२२ च्या सकाळी त्या दुकानात कुणाच्या तरी हातातली बंदूक चुकून उडाली. आत बदकं मारायचे छर्रे भरलेले होते. समोर जेमतेम हातभर अंतरावर अलेक्सी सेंट मार्टिन उभा होता, कंपनीच्या होड्यांवरचा कॅनेडियन मजूर, ऐन उमेदीतला पोरगा. सगळा बार त्याच्या डाव्या कुशीत, स्तनाच्या खाली बसला. बोमाँट अर्ध्या तासाच्या आत पोचला. त्यानं लिहिलेलं वाचताना आजही अंगावर काटा येतो. तळहाताएवढी जखम, बरगड्या फुटलेल्या, टर्कीच्या अंड्याएवढा फुप्फुसाचा करपलेला तुकडा बाहेर आलेला, त्याखाली जठराचा भाग बाहेर लोंबतोय आणि त्यालाही बोट जाईल एवढं भोक. त्या भोकातून सकाळची न्याहारी बाहेर सांडत होती. शर्टाची, काडतुसाची चिंधी जखमेत होती. हा माणूस वाचत नाही, असं बोमाँटला वाटलं.

पण तो वाचला. ताप आला, जखम चिघळली, बरगड्यांचे कुजके तुकडे काढावे लागले. काळाच्या रीतीप्रमाणं बोमाँटनं त्याचं रक्तही काढलं. आज आपण ते करणार नाही. खाल्लेलं सगळं भोकातून बाहेर येई, तेव्हा पहिले सतरा दिवस गुदद्वारातून पोषक द्रव देऊन त्याला जगवलं. आतड्याच्या त्या टोकाला अन्न पचवून शोषता येत नाही, पाणी आणि क्षार तेवढे शोषले जातात. मला वाटतं, त्या पाण्यानंच तो तगला. नंतर घडीचं कापड आणि पट्टे घट्ट बांधून भोक झाकलं की अन्न आत राहू लागलं. वर्षभरात माणूस हिंडू-फिरू लागला. भोक मात्र राहिलं.

इथं त्या मुलीचा प्रश्न येतो, आणि तो मला माझ्या रोजच्या कामातून समजावता येईल. घशाच्या कर्करोगाचे किंवा पक्षाघाताचे काही रुग्ण गिळू शकत नाहीत. त्यांच्या पोटाच्या कातडीतून थेट जठरात आम्ही एक नळी बसवतो. घरची माणसं त्यातून पातळ पेज, ताक, नाचणीचं सत्त्व देतात. नळी बसवली की मी नातेवाइकांना बजावून सांगतो, रात्री-अपरात्री नळी निसटली तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा. कारण नळी निघाल्यावर ते भोक काही तासांत आवळायला लागतं आणि एक-दोन दिवसांत बुजतं. शरीराला अशी भोकं ठेवायची नसतात. मग सेंट मार्टिनचं का राहिलं? फरक कडांचा आहे. आमच्या नळीभोवतीचा मार्ग कच्च्या, भरून येणाऱ्या मांसाचा असतो. दोन कच्च्या बाजू एकमेकींना चिकटतात. सेंट मार्टिनच्या जखमेत फाटलेल्या जठराच्या कडा बरगड्यांमधल्या जखमेच्या कडांना चिकटल्या, आणि जठराचं आतलं अस्तर बाहेरच्या कातडीला जाऊन भिडलं. अस्तर आणि कातडी अशी एकदा सांधली गेली की दोन्हीकडे पक्कं पांघरूण तयार होतं आणि चिकटायला कच्ची जागाच उरत नाही. कान टोचल्यावर भोक का बुजत नाही, हे मुलींना माहीत असतं. तेच इथं झालं.

बोमाँटनं पट्ट्यांनी कडा जवळ ओढून पाहिल्या, डाग देऊन पाहिलं, महिनोन्‌महिने पाहिलं. मग त्यानं सुचवलं की कडा कापून ताज्या करू आणि टाके घालू. सेंट मार्टिननं नकार दिला. बोमाँटनं हे स्वतःच नोंदवलं आहे. त्या नकाराला हट्टीपणा म्हणू नका. भूल १८४६ पर्यंत आली नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती, लिस्टरची निर्जंतुक शस्त्रक्रिया १८६७ ची. शुद्धीत असताना पोट फाडून घ्यायचं आणि मग बहुधा सडून मरायचं, असा तो सौदा होता. सेंट मार्टिनच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हणालो असतो. पुढं जठराच्या अस्तराची एक घडी आतून भोकावर येऊन बसली आणि झडपेसारखी काम करू लागली. आता पट्टी नसली तरी अन्न बाहेर येईना. बोटानं ती घडी आत ढकलली की जठराचा आतला भाग दिसे.

अपघाताला दहा महिने झाले आणि तिथल्या स्थानिक प्रशासनानं सांगितलं, या भिकाऱ्याला पोसणं आम्हाला जमणार नाही. उघड्या होडीतून दीड हजार मैलांवर त्याच्या गावाकडे त्याला धाडायचं ठरलं. त्या अवस्थेत तो वाटेतच मेला असता. बोमाँटनं त्याला स्वतःच्या घरी नेलं. जेवूखाऊ घातलं, जखम धुतली, पगार तुटपुंजा असताना. हे त्याच्या बाजूनं मांडायलाच हवं, कारण प्रयोगाचा विचार तेव्हा दूर होता. सेंट मार्टिन घरात लाकडं फोडायचा, वरकाम करायचा.

पहिला प्रयोग १ ऑगस्ट १८२५ चा. हा वर्गात फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे. बोमाँटनं रेशमी दोरा घेतला आणि त्याला थोड्या थोड्या अंतरावर सहा गोष्टी बांधल्या: मसाला लावून शिजवलेलं गोमांस, खारवलेल्या कच्च्या डुकराच्या चरबीचा तुकडा, खारवलेलं कच्चं गोमांस, उकडलेलं गोमांस, शिळा पाव, आणि चिरलेल्या कच्च्या कोबीची जुडी. प्रत्येक तुकडा अगदी लहान. दुपारी बारा वाजता हा दोरा भोकातून आत सोडला आणि सेंट मार्टिन आपल्या कामाला लागला. एक वाजता दोरा बाहेर काढला. कोबी आणि पाव अर्धे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. दोरा पुन्हा आत. दोन वाजता कोबी, पाव, चरबी आणि उकडलेलं मांस दोऱ्यावरून साफ नाहीसं झालेलं. मसाल्याचं आणि कच्चं मांस जेमतेम बदललेलं. पुन्हा आत. पुढच्या खेपेला सेंट मार्टिन म्हणाला, छातीत दुखतंय, अस्वस्थ वाटतंय. प्रयोग तिथं थांबला. दुसऱ्या दिवशीही त्याचं पोट बिघडलेलंच होतं, तेव्हा बोमाँटनं औषधाच्या गोळ्या त्याच भोकातून जठरात टाकल्या.

प्रयोगाची वेळ, तुकड्यांची यादी, दर तासाचा फरक आणि त्या माणसाला झालेला त्रास, सगळं एका पानावर. त्रासही लिहिला, याचं मला विशेष वाटतं. तो गाळता आला असता.

त्यानंतर आठवड्याभरात दुसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग झाला. उपाशीपोटी सेंट मार्टिनच्या जठरात थर्मामीटर घातला, तापमान १०० अंश फॅरनहाइट भरलं. रबराच्या नळीनं थोडा जठररस बाहेर काढला, कुपीत भरला, त्यात उकडलेल्या मांसाचा तुकडा टाकला आणि कुपी तेवढ्याच ऊन पाण्यात ठेवली. तसाच एक तुकडा दोऱ्याला बांधून जठरात सोडला. तासाभरात दोन्ही तुकडे सारखेच झिजले होते. दोन तासांनी जठरातला दोरा रिकामा. कुपीतलं मांस विरघळायला रात्र झाली, पण विरघळलं.

यात एवढं काय, असं आज वाटेल. पण तेव्हा जठरात नेमकं काय घडतं यावर शंभर वर्षं वाद चालू होता. कुणी म्हणे जठर जात्यासारखं अन्न भरडतं. कुणी म्हणे ते आंबवतं. कुणी म्हणे पोटातली उष्णता अन्न शिजवते. आपला जठराग्नी हा शब्द याच विचाराच्या जवळचा आहे. काहींच्या मते ही सारी प्राणशक्तीची किमया होती, शरीराबाहेर ती घडणंच शक्य नाही. फ्रान्सच्या रेओम्यूरनं शिकारी पक्ष्याला धातूच्या नळ्या गिळायला लावून आणि इटलीच्या स्पालांझानीनं अन्नाच्या पिशव्या स्वतः गिळून जठररस अन्न विरघळवतो हे दाखवलं होतं, तरी वाद मिटला नव्हता. बोमाँटच्या कुपीत ना जातं होतं, ना प्राण. माणसाच्या शरीरातला रस माणसाच्या शरीराबाहेर, काचेत, मांस विरघळवत होता, आणि ते कुणालाही बघता येत होतं. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, प्रयोगशाळा नव्हती, रसायनशास्त्राचं शिक्षण नव्हतं. थर्मामीटर, नळी, कुप्या, दोरा आणि वही.

एक बारीक गोष्ट तुमच्या विद्यार्थ्यांना नक्की आवडेल. रिकामं जठर आंबट असतं का, हे तपासायला बोमाँटनं त्या अस्तराला जीभ लावून पाहिली. आंबट लागलं नाही. अन्न पडलं, किंवा नळी टोचली, की अस्तरावर बारीक थेंब फुटत आणि मग चव आंबट. यावरून त्यानं सांगितलं की जठररस आधीपासून साठवलेला नसतो, अन्न आल्यावर पाझरतो. आज आपल्याला माहीत आहे की उपाशी असतानाही थोडं आम्ल पाझरत असतं, पण अन्न आल्यावर रसाचा जोर वाढतो हे त्याचं म्हणणं पक्कं टिकलं. थर्मामीटरची नळी आत सोडली की जठर तिला धरून खाली ओढतं, फिरवतं, हेही त्यानं हाताला जाणवून लिहिलं. त्या रसात ठेवलेलं मांस विरघळतं पण सडत नाही, हेही.

जठररसातलं आम्ल कोणतं, हे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर होतं. त्यानं कुप्या जाणकारांकडे धाडल्या. व्हर्जिनियाच्या रॉब्ली डंग्लिसन यांनी त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळं असल्याचं सांगितलं. इंग्लंडच्या विल्यम प्राउटनं १८२४ मध्ये जठरातल्या आम्लाबद्दल तेच सांगितलेलं होतं. येलच्या बेंजामिन सिलिमन यांनी एक बाटली थेट स्वीडनला, नामांकित रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसकडे पाठवली. वाटेत महिने गेले आणि त्यातून फारसं काही हाती आलं नाही. एकट्या आम्लात मांस इतक्या चटकन विरघळत नाही, आणखी काहीतरी आहे, असं बोमाँटला वाटत होतं. १८३६ मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानं पेप्सिन हे मांसातली प्रथिनं पचवणारं द्रव्य शोधलं, ते हेच.

आता ज्या दोन नोंदी मला रोज भेटतात त्या सांगतो. सेंट मार्टिन काही दिवस भरपूर दारू प्यायला. बोमाँटनं आत पाहिलं तर अस्तर लालभडक, जागोजाग सोललेलं, चिकट स्रावानं माखलेलं. आणि सेंट मार्टिनची तक्रार काहीच नव्हती, भूकही ठीक होती. हे वाचलं तेव्हा मी शिकाऊ होतो आणि विश्वास बसला नव्हता. आज माझ्यासमोर असे रुग्ण येतात. “डॉक्टर, मला काही होत नाही, बायकोनं आणलं म्हणून आलो,” म्हणतात, आणि दुर्बिणीत जठर असं दिसतं की जणू खरवडलं आहे. त्रास नाही म्हणजे इजा नाही, असं नसतं. दुसरी नोंद रागाची. सेंट मार्टिन चिडला की अस्तराचा रंग पालटे, पचन मंदावे, कधी पित्त उलटून जठरात आलेलं दिसे. मन आणि पोट यांचं नातं सांगणारे पुष्कळ होते. ते डोळ्यांनी पाहून तारीखवार लिहिणारे फार थोडे होते.

बोमाँटच्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे कोणता पदार्थ किती वेळात पचतो याचं कोष्टक. उकडलेला भात एक तास. उकळलेलं दूध दोन तास, कच्चं सव्वादोन. कडक उकडलेलं अंडं साडेतीन तास. भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. आजारपणात मऊ भात आणि दूध का देतात, हे आपल्या आज्यांना कोष्टकाविना ठाऊक होतं. पण एक सावधगिरी सांगतो, कारण असली कोष्टकं मोबाइलवर फिरतात आणि लोक त्यावर आहार ठरवतात. हे आकडे एका माणसाचे आहेत, तेही पोटाला भोक असलेल्या. जठरातून लवकर निघून गेलं म्हणजे पौष्टिक, असा त्याचा अर्थ नाही. खरं पचन आणि शोषण तर पुढं लहान आतड्यात होतं, आणि तिथं बोमाँटची खिडकी पोचत नव्हती. जठर नीट रिकामं होतं का, हे आज आम्ही अन्नात किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळून तपासतो. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न उरलं तर ते जठर मंद समजतो.

त्याच्या चुकाही झाल्या. लाळेचा पचनात काही उपयोग नाही असं त्याला वाटे. ते चूक आहे, पिष्टाचं पचन तोंडातच सुरू होतं. भूक का लागते याचं त्यानं दिलेलं कारणही टिकलं नाही. नोंदी टिकल्या, आणि मला ते साहजिक वाटतं.

आता दुसरी बाजू. १८२५ मध्ये बोमाँट बदली होऊन पूर्वेकडे आला, सेंट मार्टिनला बरोबर घेऊन. कॅनडाची हद्द जवळ आली आणि सेंट मार्टिन न विचारता घरी निघून गेला. त्यानं लग्न केलं, मुलं झाली, पोटाला भोक असताना पुन्हा होड्या वल्हवल्या. बोमाँटनं कातड्यांच्या कंपनीच्या लोकांकरवी त्याचा माग काढला. १८२९ मध्ये सेंट मार्टिन बायकोमुलांसह मिसिसिपीच्या काठी प्रेअरी डू शीनच्या किल्ल्यात आला. दीडेक वर्षं प्रयोग झाले. १८३१ मध्ये कुटुंब परत घरी गेलं, होडीनंच.

१८३२ च्या शरद ऋतूत दोघांत लेखी करार झाला. सेंट मार्टिननं एक वर्ष डॉक्टरबरोबर, डॉक्टर नेईल तिथं राहायचं, चाकरी करायची, आणि त्याच्या जठरावर करायच्या प्रयोगांना राजी राहून मदत करायची. मोबदला वर्षाला दीडशे डॉलर, शिवाय अन्न, वस्त्र, निवारा. सेंट मार्टिनला लिहिता येत नव्हतं, त्यानं सहीच्या जागी फुली मारली. पुढं त्याला सैन्यात सार्जंट म्हणून नोंदवून घेतलं, म्हणजे पगार सरकारातून सुटला.

या करारावर मी बराच विचार केला आहे. माणसावरच्या प्रयोगासाठी लेखी संमती घेणं त्या काळात दुर्मीळ होतं, आणि त्याबद्दल बोमाँटचं कौतुक होतं. ते काही अंशी रास्त आहे. पण त्या कागदात ‘मला थांबायचं आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. आज माझ्याकडे संशोधनात भाग घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर, मराठीत, पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं की तुम्ही कधीही, कारण न देता बाहेर पडू शकता आणि त्यानं तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. सेंट मार्टिनचा डॉक्टर, मालक, अन्नदाता आणि प्रयोग करणारा एकच माणूस होता. गरिबाला अशा वेळी हो म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. निघून जाणं एवढंच त्याच्या हातात होतं, आणि तो निघून गेला. बोमाँटच्या पत्रांत याचा राग दिसतो. मला तो राग पटत नाही. बोमाँटनं त्याचा जीव वाचवला हे खरं, पण म्हणून त्याचं पोट बोमाँटचं होत नाही.

१८३३ मध्ये प्लॅट्सबर्गला पुस्तक छापलं गेलं. बोमाँटनं पदरमोड करून काढलेल्या एक हजार प्रती. दोनशेच्या वर प्रयोग, शेवटी एक्कावन्न निष्कर्ष, कागद साधासुधा. पुढच्याच वर्षी जर्मन भाषांतर झालं, १८३८ मध्ये एडिंबरोत अँड्र्यू कोंब यांनी आवृत्ती काढली. पुढं रशियात पावलोव्हनं कुत्र्यांच्या पोटाला मुद्दाम तशी खिडकी करून पचनाचा अभ्यास केला, त्याला १९०४ चं नोबेल मिळालं. त्या वाटेचा उगम मॅकिनॉ बेटावर आहे. बोमाँटचा खर्च मात्र भरून निघाला नाही. अमेरिकन काँग्रेसकडे त्यानं भरपाई मागितली, ती नाकारली गेली.

१८३४ मध्ये सेंट मार्टिन पुन्हा घरी गेला तो परत आला नाही. बोमाँट सेंट लुइसला स्थिरावला, सैन्य सोडून खासगी व्यवसाय करू लागला. पत्रामागून पत्रं धाडली, शेकडो डॉलर देऊ केले. सेंट मार्टिन कळवायचा, बायकोमुलांसकट येईन. बोमाँटला तो एकटा हवा होता. जमलं नाही. मधे १८४० मध्ये एक विचित्र प्रसंग घडला. तिथल्या एका वृत्तपत्राच्या मालकाला कुणीतरी लोखंडी काठीनं डोक्यात मारलं. बोमाँटनं कवटीला भोक पाडून दाब कमी करायचा प्रयत्न केला, माणूस दगावला. खटल्यात आरोपीचे वकील म्हणाले, पोटातलं बघायला ज्यानं एकाचं भोक उघडं ठेवलं, त्यानंच डोक्यातलं बघायला हे भोक पाडलं. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीचा संशय बोमाँटला त्याच्या हयातीतच ऐकावा लागला होता, भर न्यायालयात. डोक्याच्या बाबतीत तो सपशेल अन्याय होता, कवटी फुटल्यावर तेव्हा तोच उपाय होता. पोटाच्या बाबतीत काय खरं ते वर सांगितलं.

बोमाँट १८५३ मध्ये गेला. बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून डोक्याला मार लागल्याचं निमित्त झालं.

सेंट मार्टिन त्यानंतर सत्तावीस वर्षं जगला. अपघातानंतर धरली तर अठ्ठावन्न. २४ जून १८८० रोजी क्यूबेकमध्ये वारला. माँट्रियलला तेव्हा विल्यम ऑस्लर होता, पुढं जगप्रसिद्ध झालेला डॉक्टर. त्याला शवचिकित्सा करायची होती आणि ते जठर सैन्याच्या वैद्यकीय संग्रहालयात ठेवायचं होतं. गावाकडून तार आली की त्यासाठी येऊ नका, आलात तर जीव जाईल. घरच्यांनी उन्हाळ्यात देह मुद्दाम चार दिवस घरी ठेवला, कुणाच्या उपयोगाचा राहू नये म्हणून. तो इतका नासला की प्रार्थनेच्या वेळी चर्चमध्ये नेता आला नाही, बाहेर ठेवावा लागला. मग नेहमीपेक्षा खोल, आठ फूट खड्डा खणला, आणि कुणी उकरून नेऊ नये म्हणून वर दगड रचले.